उपसर्गाचे स्थलांतर

इंग्रजी शिकणाऱ्या परकीयाला सर्वांत अधिक कष्ट कशाचे पडतात, याचा निर्वाळा डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत देऊन ठेवला आहे: ‘कम ऑफ’, ‘फॉल ऑन’, ‘गिव्ह ओव्हर’ यांसारखी, साध्या धातूनंतर एखादे अव्यय येताच मूळ अर्थ पालटणारी क्रियापदे, ज्यांतील कित्येकांचा अर्थ कोणत्या वाटेने इतका दूर गेला हे कितीही चतुर मनुष्याला शोधून काढता येणार नाही. अर्थाची वाट अशी अंधारी असली, तरी रचनेची वाट पुष्कळशी उजेडात आहे.

प्राचीन इंग्रजीत ही अव्यये बहुधा धातूच्या आधी जोडली जात. बाहेर जाणे याला ‘ऊटगान’ म्हणत, तेच आजचे ‘गो आउट’. संस्कृताच्या अभ्यासकाला हे स्थलांतर अपरिचित वाटू नये. उपसर्ग धातूपूर्वी येतात असा नियम सांगून पाणिनीने लगोलग पुढील दोन सूत्रांत नमूद केले आहे की, वेदभाषेत ते धातूनंतरही येतात आणि मध्ये अन्य पदे येऊन विलगही राहतात. ‘टेक युवर हॅट ऑफ’ या वाक्यात वेगळे काय घडते? एकाच आद्य भाषेतील स्वतंत्र अव्ययांचा वारसा दोहोंकडे आला. अभिजात संस्कृताने तो धातूशी जखडला, इंग्रजीने मोकळा केला, आणि या मोकळेपणातच इंग्रजी क्रियापदाचे खरे वैभव आहे असे मला वाटते.

इंग्लंडच्या उत्तर व पूर्व मुलखांत नवव्या शतकापासून वस्ती करून राहिलेल्या स्कँडिनेव्हियनांच्या बोलीत उपसर्ग आधीच झिजले होते; तिच्या सहवासाने हा पालट त्वरेने झाला असावा, असे अनेक पंडित मानतात. पीटरबरोच्या मठातील बखरीत, राजा पहिला हेन्री याने तेथील मठाधिपतीला ११३२ साली अधिकार सोडावयास लावून मुलखाबाहेर घालविल्याची हकिकत आहे, आणि त्या सोडण्यासाठी योजलेला प्रयोग म्हणजे आजच्या ‘गिव्ह अप’चाच पूर्वज. पुढे न्यायकचेऱ्यांच्या फ्रेंचमधून याच अर्थाचा ‘सरेंडर’ हा भारदस्त शब्द आला व दस्तऐवजांत रुजला. बोलण्यातून ‘गिव्ह अप’ मात्र हलला नाही.

इतक्या जुन्या रचनेची ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा प्रचारात आली ती लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या ‘वर्ड्स अँड इडियम्स’ या ग्रंथाने. ती ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचविली, हे स्मिथ यांनी प्रांजळपणे तेथेच सांगितले आहे.