सोलापूरचा लष्करी कायदा आणि घटनेतला ‘वाजवी’ हा शब्द

व्यक्तीचा हक्क मोठा की राज्याचे हित मोठे, हा वाद विद्वानांचा समजला जातो. आपल्या सोलापूर जिल्ह्याला मात्र तो ग्रंथांतून शिकावा लागला नाही. १९३० साली तो जिल्ह्याच्या गावी बंदुकांसह येऊन उभा राहिला होता.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसे मेली. खवळलेल्या जमावाने चौक्या पेटवल्या, न्यायकचेरी जाळली, पोलीसही मारले गेले. आमच्या बाजूचे लोक हे सांगताना आवाज खाली आणतात. आम्हांला तसे करण्याचे कारण दिसत नाही. जे झाले ते झाले, आणि कोणतेही राज्य त्याकडे डोळेझाक करणार नाही. परंतु पुढचे तीन-चार दिवस पाहा. सरकारचा पोलीस रस्त्यावर नव्हता, रहदारी काँग्रेसचे स्वयंसेवक सांभाळत होते. बंदोबस्त होता, तो सरकारचा नव्हता एवढेच. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत राहिला. गांधी टोपी आणि राष्ट्रध्वज यांवर शिपायांची नजर ठेवली गेली. दंगल मोडायला टोपीचा काय अडथळा होतो, हे कोणी विचारायचे, आणि कोणाला?

पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा व जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिले. कुर्बान हुसेन ‘गझनफर’ हे पत्र चालवीत आणि गिरणी कामगारांत काम करीत. म्हणजे आम्हां युनियनवाल्यांच्या घरातलाच माणूस.

मुद्दा असा की राज्याला धोका असतो, हे खोटे नव्हे. धोका किती आणि त्यावर उपाय किती, हे मोजायचे कोणी? १९३० साली ज्याच्या हाती बंदूक, त्याच्याच हाती तराजू होता.

स्वतंत्र भारताची घटना करणारे पुष्कळ जण स्वतः तुरुंग भोगून आलेले होते. तरीही लष्करी कायद्याचा उल्लेख घटनेत राहिलाच. ३४ व्या कलमाप्रमाणे असा कायदा जिथे लागू होता तेथील अधिकाऱ्यांची कृत्ये संसदेला मागाहून पावन करून घेता येतात. २२ व्या कलमात खटल्यावाचून स्थानबद्धताही आहे. पण १९ व्या कलमात एक लहानसा शब्द आला. जमणे, संघटना करणे या हक्कांवर राज्याला निर्बंध घालता येतात. मात्र ते ‘वाजवी’ हवेत. हा शब्द मूळ मसुद्यात नव्हता. डिसेंबर १९४८ मध्ये ठाकुरदास भार्गव यांनी दुरुस्ती सुचवली आणि घटना समितीने ती स्वीकारली. त्या एका शब्दाने तराजू सरकारच्या हातून न्यायालयाकडे गेला.

हा तराजू नेहमी आमच्याकडे झुकत नाही. बिहारच्या सरकारी नोकरांना निदर्शने व संप दोन्ही करण्यास बंदी होती. १९६२ साली कामेश्वर प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांवरची सरसकट बंदी रद्द केली, आणि त्याच दमात सांगितले की संपाचा मूलभूत हक्क कोणाला नाही. संघटनेच्या कामात आयुष्य गेलेल्यांना अर्धा निकाल गोड लागला, अर्धा कडू. तरी निकाल कारणे देऊन झाला. भांडायला जागा राहिली.

जागाच नाहीशी झाली ती १९७६ साली. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली आणि मिसाखाली हजारो माणसे आत गेली, त्यांत कामगार पुढारीही होते. अटक बेकायदा असेल तर सोडा, एवढे मागणारे अर्ज अनेक उच्च न्यायालयांनी ऐकण्याजोगे मानले. आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही त्यांत होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा मताने सांगितले की आणीबाणीत हे दारच बंद आहे. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांचे. पुढे सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याकडे गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. बहुमतात पुण्याचे न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड होते. त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो निकाल चुकीचा ठरवला. वडिलांचे मत मुलाने खोडले म्हणून वर्तमानपत्रांना गंमत वाटली. आम्हांला मधली एकेचाळीस वर्षे दिसतात.

संसद त्याआधीच जागी झाली होती. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीतही २० व २१ व्या कलमांचे दार बंद करता येणार नाही असे ठरले. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद होती: सल्लागार मंडळाच्या मताशिवाय स्थानबद्ध ठेवण्याची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणण्याची. ती लागू कधी करायची हे सरकारच्या अधिसूचनेवर सोडले होते. पक्ष आले आणि गेले, एकाही सरकारला ती अधिसूचना काढायला सवड झालेली नाही. मुदत अजून तीन महिन्यांचीच आहे.