प्रेस्ली, एल्व्हिस : सांस्कृतिक वारसा
प्रेस्ली, एल्व्हिस : (८ जानेवारी १९३५–१६ ऑगस्ट १९७७). अमेरिकन रॉक अँड रोल गायक. जन्म मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथे. त्याने हा संगीतप्रकार शोधला नाही; वर्णभेदाने अलग ठेवलेल्या परंपरा एका गळ्यात आणल्या, हाच त्याचा खरा वारसा. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सने १९५४ मध्ये काढलेली त्याची पहिली तबकडीच पाहावी. एका बाजूला आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे गीत, दुसऱ्या बाजूला बिल मन्रो या गोऱ्या ब्लूग्रास कलावंताचे. मन्रोची संथ, तीन मात्रांची चाल प्रेस्लीने चार मात्रांच्या धावत्या ठेक्यात गायिली. १९५६ मधील ‘हाउंड डॉग’ व ‘डोन्ट बी क्रूएल’ ही तबकडी तर पॉप, कंट्री आणि रिदम अँड ब्लूज या तिन्ही लोकप्रियता-याद्यांत अग्रस्थानी गेली. श्रोत्यांची केलेली वाटणी तिने ओलांडली.

त्याने कृष्णवर्णीयांचे संगीत लुटले, हा आक्षेप गंभीर आहे. ‘हाउंड डॉग’ आधी बिग मामा थॉर्नटनने गायिले होते, आणि क्रूडपला हक्काचे स्वामित्वधन अखेरपर्यंत मिळाले नाही. हा अन्याय झाकता येणार नाही. मात्र गीतकारांना नाडणारी व्यवहाराची रीत प्रेस्लीच्या आधीपासूनची होती, आणि आपल्यावरील कृष्णवर्णीय गायकांचे ऋण तो मुलाखतींत उघडपणे मान्य करी. त्याच्यामुळे आपल्या संगीताला दारे खुली झाली, असे लिटल रिचर्डनेही म्हटले. लोकस्मृतीतही हाच प्रारंभीचा प्रेस्ली राहिला. त्याच्यावरील १९९३ च्या अमेरिकन टपाल तिकिटासाठी लोकांचा कौल घेतला गेला, तेव्हा झगमगत्या पोशाखातील उत्तरकाळचा तारा मागे पडला. लोकांनी मायक्रोफोन धरलेला १९५० च्या दशकातील तरुण प्रेस्ली निवडला.