थांबलेल्या यंत्रांचा इतिहास

डिचोली तालुक्यात वाढलेल्या आपल्या पिढीला खाण पुस्तकातून शिकावी लागली नाही. तिची लाल धूळ आपल्या गणवेशावरच बसत असे. शाळेच्या स्मरणिकेत त्या खाणींची थोडी नोंद राहावी, म्हणून हे टिपण.

पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या खाण कायद्याखाली इथे परवाने दिले गेले. लोहखनिजाची निर्यात वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जपानचे पोलाद कारखाने मोठे गिऱ्हाईक होते. आपला माल कमी प्रतीचा आणि जांभ्याखाली दडलेला. एक टन खनिजासाठी अडीच-तीन टन माती बाजूला टाकावी लागे. म्हणूनच हा धंदा यंत्रांचा झाला : खंदकात पोकलेन, रस्त्यावर टिपर, मांडवी-जुवारीत बार्ज. चीनची मागणी शिगेला असताना, २०१०-११ साली, गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक माल बाहेर गेला. शेतांत गाळ साचला, शिरगावच्या विहिरी आटल्या, तरी कर्ज काढून टिपर घेतले जात होते.

सप्टेंबर २०१२ मध्ये न्या. शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि खाणी थांबल्या. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बंदी घातली. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाले आणि पुन्हा सगळे ठप्प.

एका वर्गमित्राबरोबर अशाच एका बंद खाणीवर गेले होते. पंप थांबल्यामुळे खंदकाचे तळे झालेले, काठावर पोकलेन उभा. उभे यंत्र गंजण्याआधी आतून सुकते. हायड्रॉलिकचे सील कडक होतात, टायर तडकतात, बॅटरी आणि तांब्याच्या तारा तर कोणीतरी केव्हाच काढून नेलेल्या असतात. अशा यंत्राचे वय वर्षांत नव्हे, तासांत मोजतात. त्यासाठी केबिनमध्ये आवर-मीटर असतो. इंजिन बंद, की मीटर बंद. मित्र म्हणाला, "बँकेचा मीटर मात्र चालूच राहिला गे." त्याच्या भावाचा टिपर शेवटी भंगारात गेला. कर्जदारांसाठी सरकारने पुढे मदतीची योजना आणली, पण तोवर कित्येकांची पोरे शहरात नोकरी शोधायला गेली होती.

लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खाण पुन्हा सुरू झाली. आयोगाचा अहवाल, निकाल आणि निर्यातीचे आकडे सरकारी कपाटांत सुरक्षित आहेत. पण टिपर कोणी चालवला, वेल्डिंग कोणी केले, कोणाची विहीर आटली, हे कुठेच लिहिलेले नाही. ज्यांच्या घरी ट्रिपच्या जुन्या चिठ्ठ्या, हप्त्यांची पुस्तके किंवा फोटो असतील, त्यांनी ते भंगारात टाकण्याआधी शाळेच्या वाचनालयात आणून द्यावेत. स्कॅन करून जपण्याचे काम मी करीन.