ध्यास आणि आत्मनिरीक्षण : संत बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनाचा एक विचार

सतराव्या शतकातील वारकरी परंपरेत ईश्वरसान्निध्याची ओढ ही केवळ भावावस्था नव्हती. स्वतःच्या मनाची सतत तपासणी करणारी ती साधना होती. संत बहिणाबाई (१६२८-१७००) यांचे अभंगबद्ध आत्मनिवेदन हा तिचा महत्त्वाचा ऐतिहासिक पुरावा होय.

वेरूळजवळील देवगाव येथे ब्राह्मण कुटुंबात जन्म, तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी विवाह, पुढे कुटुंबाची भटकंती व कोल्हापुरातील मुक्काम हा वृत्तान्त त्या स्वतःच नोंदवितात. कोल्हापुरात जयराम स्वामींच्या कीर्तनांतून तुकोबांचे अभंग त्यांच्या कानी पडले. दानात मिळालेल्या गाईचे वासरू त्यांच्यासोबत कीर्तनास येई. चरित्रकार येथे बहुधा चमत्कारातच रमतात. अभ्यासकाचे लक्ष मात्र पुढील घटनाक्रमाकडे जावयास हवे. लोकापवाद उठला, पतीने मारहाण केली, वासरू मरण पावले आणि बहिणाबाई शुद्ध हरपून पडल्या. त्यानंतर तुकोबांचे स्वप्नदर्शन व उपदेश त्यांना लाभला. प्रत्यक्ष भेट तोवर झालेलीच नव्हती.

या क्रमाचा सामाजिक अर्थ विशेष लक्षणीय आहे. वैदिक वृत्तीच्या पतीस शूद्र गुरू मान्य होणे शक्य नव्हते. प्रत्यक्ष दीक्षेसाठी घराचा उंबरठा ओलांडावा लागला असता, पतीची संमती लागली असती. अंतःकरणात घडलेल्या उपदेशास यांपैकी कशाचीच गरज नव्हती. मारहाण रोखण्याचे सामर्थ्य या अनुभवात नव्हते, हेही तितकेच खरे.

म्हणून बहिणाबाईंना सरसकट बंडखोर ठरविणे अनैतिहासिक होईल. पतिव्रताधर्मावर त्यांनी निष्ठेने अभंगरचना केली आहे. पती आणि पांडुरंग यांच्यातील ओढाताण त्या लपवीत नाहीत, आणि घाईने मिटवीतही नाहीत. जस्टिन अ‍ॅबट यांनी १९२९ मध्ये या आत्मचरित्राचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. भक्तीइतकाच हा संघर्षही त्यामुळे मराठीबाहेरील वाचकांपर्यंत पोहोचला.

पुढे पती आजारी पडले, त्यातून उठल्यावर त्यांचे मन पालटले आणि कुटुंब देहूस आले. तेथे तुकोबांचे प्रत्यक्ष दर्शन घडले. मंबाजींचा छळही सोसावा लागला. आयुष्याच्या अखेरीस बहिणाबाईंनी पुत्र विठोबास आपल्या पूर्वजन्मांची हकिकत सांगितली. आत्मनिरीक्षणाची ही सवय मृत्युसमयीही सुटली नव्हती.