फ्रेंच पॉलिश

फ्रेंच पॉलिश ही लाकडी सामानावर चपडा लाखेचा चकचकीत लेप चढवण्याची पद्धत आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख कापडी बोळ्याने अनेक पातळ थरांत चोळतात. १९व्या शतकात ही पद्धत युरोपात रूढ झाली.

लेपावरील पांढरा डाग म्हणजे त्यात अडकलेला ओलावा होय. स्पिरिटचा अगदी हलका हात फिरवल्यास तो बहुधा जातो. लोखंड व लाकडातील टॅनिन यांच्या संयोगाने झालेला काळा डाग मात्र लाकडात मुरलेला असतो. लेप काढून तो ऑक्झॅलिक आम्लाने फिका करतात. हे आम्ल विषारी असल्याने हातमोजे वापरणे आवश्यक असते.

लाखेचा नवा थर जुन्यात एकजीव होत असल्याने संपूर्ण लेप काढण्याची गरज सहसा पडत नाही. सरसकट घासल्यास लाकडाला वर्षानुवर्षे आलेली झाक कायमची नष्ट होते.