विलायतेची हुंडी

साम्राज्याची राजधानी आणि तिच्या अंकित वसाहती यांचा आर्थिक संबंध म्हटला, की प्रथम लूट आठवते. प्लासीनंतरच्या बंगालमध्ये ती झाली, हे खरेच. पण लूट एकदाच करता येते. राजधानीचा संसार मात्र वर्षानुवर्षे चालावा लागतो आणि तो हिशेबाच्या वह्यांवर चालतो. १८५८ नंतर लंडन आणि हिंदुस्थान यांच्यामध्ये जी वही उघडली गेली, तिची काही पाने वाचकांपुढे ठेवण्याचा येथे मानस आहे.

त्या वर्षी कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले. लंडनमध्ये भारतमंत्र्याची कचेरी स्थापन झाली. तिचा खर्च, खुद्द भारतमंत्र्याच्या पगारासह, हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. इतर वसाहतींचा कारभार पाहणाऱ्या खात्याचा खर्च ब्रिटिश तिजोरी सोशीत असे. हिंदुस्थानपुरता निराळा न्याय होता. भारतमंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीवर गेला तो १९१९ च्या कायद्यानंतर. सत्तावन्नचे बंड मोडण्याचा खर्चही आपल्याच खाती लागला. कंपनीच्या भागधारकांना १८३३ च्या सनदेने साडेदहा टक्के लाभांशाची हमी दिली होती. राज्य गेल्यावरही तो १८७४ पर्यंत हिंदुस्थानच्या उत्पन्नातून दिला जात होता. १८६७ मध्ये तुर्कस्तानच्या सुलतानासाठी लंडनच्या त्याच कचेरीत मोठा समारंभ झाला. त्याचे देयकसुद्धा हिंदुस्थानच्या नावे पडले.

कर्जावरील व्याज, रेल्वे कंपन्यांच्या भांडवलावर हमी दिलेले व्याज, गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने व रजेचे पगार, गोऱ्या फौजेचा खर्च आणि सरकारी सामानाची खरेदी अशा रकमा मिळून जो आकडा होई, त्याला ‘होम चार्जेस’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो वर्षाला एक कोटी साठ-सत्तर लाख पौंडांच्या घरात गेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानचे जमीनमहसुलाचे एकूण उत्पन्नही त्या सुमारास जवळजवळ तेवढेच होते.

हा पैसा लंडनला पोचे कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. भारतमंत्री लंडनमध्ये रुपयांच्या हुंड्या विकायला काढी. खानदेश-वऱ्हाडचा कापूस घेऊ इच्छिणारा विलायती व्यापारी पौंड मोजून त्या विकत घेई. ते पौंड लंडनमध्येच राहत आणि होम चार्जेस भागत. हुंडी मुंबईच्या सरकारी खजिन्यात वटे. तिथून शेतसाऱ्याचे रुपये निघत आणि त्यांतून कापसाची किंमत चुकती होई. म्हणजे शेतकऱ्याने सरकारात भरलेला सारा त्यालाच मालाचा मोबदला म्हणून परत मिळे, आणि माल मात्र समुद्रापार जाई. या व्यवहारात ना चोरी, ना जबरदस्ती. प्रत्येक कागद नियमानुसार. त्यातच त्याची ताकद होती.

पुढे चांदी उतरली. १८७० च्या सुमारास रुपया सुमारे दोन शिलिंगांचा होता, म्हणजे एका पौंडाला दहा रुपये पडत. १८९४-९५ मध्ये तो तेरा पेन्सांपर्यंत घसरला आणि त्याच पौंडासाठी अठरा रुपयांहून अधिक मोजावे लागू लागले. देणे पौंडांत आणि वसुली रुपयांत, तेव्हा फरक कोणी सोसायचा याबद्दल कधी प्रश्नच उपस्थित झाला नाही.

या वहीची तपासणी करणाऱ्यांत बडोद्याशी नाते असलेली दोन नावे अग्रभागी आहेत. दादाभाई नौरोजींनी १८६७ मध्ये लंडनला या विषयावर निबंध वाचला आणि १८७४ मध्ये ते बडोद्याचे दिवाण होते. रमेशचंद्र दत्तांनी हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिला, १९०४ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या सेवेत आले आणि १९०९ मध्ये दिवाणपदी असतानाच बडोद्यात निवर्तले. तिसरे नाव आपल्यासारख्याच परप्रांतस्थ मराठी घरातले आहे. देवघर भागात जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी १९०४ मध्ये बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून हाच हिशेब सामान्य वाचकाच्या हाती दिला. १९१० मध्ये सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० मध्ये पुण्याच्या औद्योगिक परिषदेत सावधगिरीचा इशारा दिला होता, तोही विसरता कामा नये. या रकमेतील काही भाग घेतलेल्या भांडवलाचे व्याज आहे, तेव्हा केवळ खंडणीचा शोक करीत बसू नये, असे त्यांचे म्हणणे. ते यथार्थ होते. रेल्वे खरोखरच झाली होती. पण ती कुठे बांधावी, कोणत्या व्याजाने आणि कोणाकडून सामान घेऊन, हे ठरविणारे लंडनला होते आणि सारा भरणाऱ्याला त्यात विचारणा नव्हती. मुद्दा रकमेइतकाच अधिकाराचाही होता.

येथे आपल्या पूर्वजांचाही विचार करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. पुणेही एके काळी राजधानी होती आणि गुजरात-माळव्यातून चौथाई व सरदेशमुखी वसूल होत असे. गायकवाड, होळकर, शिंदे त्या त्या भूमीत स्थायिक झाले, वसूल तेथेच बराचसा खर्च होऊ लागला, तलाव, घाट, शाळा झाल्या. हा फरक मोठा आहे. वसूल जेथला, तेथे तो खर्च झाला तर रयतेच्या हाती फिरून येतो, हेच दादाभाईंचे म्हणणे. तरीही आरंभीच्या वर्षांत चौथाई भरणाऱ्या कुणब्याला पुणे दूरचेच वाटले असणार, आणि बंगालमधील बर्गींची आठवण तर अंगाईगीतांत उरली आहे. त्याच बंगालला एका मराठी माणसाने इंग्रजांचा हिशेब उलगडून दाखविला.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुनी मोडी दप्तरे अद्याप आहेत. ती चाळताना लढाया आणि सनदा पाहतोच. वसूल कोठून आला आणि खर्च कोठे पडला, त्या नोंदीही एकदा वाचाव्यात. इंग्रजांच्या वहीला जो प्रश्न आपण विचारतो, तो आपल्या वहीला विचारण्यात कमीपणा नाही.