यरुशलेम ते शिरवणे : शेजारधर्माची वाटचाल

नव्या मुंबईच्या नकाशात शिरवणे हे नाव जुईनगर आणि नेरूळ यांच्या सांध्यावर शोधावे लागते. महामार्ग, रेल्वे, सिडकोचे सेक्टर आणि औद्योगिक वसाहत यांच्या वेढ्यात आगरी-कोळी वस्तीचे हे जुने गाव आपले गावपण सांभाळून उभे आहे. सेक्टरांत राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांना ते रिक्षावाल्याला सांगायचे ठिकाण म्हणून ठाऊक असते. गोवा, मंगळूर, वसई, केरळ अशा नाना ठिकाणांहून येऊन आपण येथे घरे केली आणि धर्मग्राम उभे केले. धर्मग्रामांत लघु ख्रिस्ती समूह स्थापन झाले. आजारी माणसाची विचारपूस, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची सोबत, मयताच्या घरी धावून जाणे, मुलांच्या शाळाप्रवेशासाठी खटपट ही सारी कामे या समूहांतील स्वयंसेवक कोणत्याही मोबदल्याविना करीत असतात. हे कार्य कोठून आले, ते कसे वाढले आणि कोठे कोठे खुंटले याचा मागोवा घेणे उद्बोधक ठरावे.

आरंभ अर्थातच यरुशलेमच्या आद्य ख्रिस्तसभेपासून करावा लागतो. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एका तक्रारीची नोंद आहे. तेथील बंधुभगिनी आपले सर्वस्व एकत्र करून गरजूंना रोजचे अन्न वाटीत असत. परंतु त्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होऊ लागले. या विधवा परक्या नव्हत्या, श्रद्धावंतच होत्या. फक्त त्यांची बोली निराळी होती. प्रेषितांनी या कुरकुरीला फूट पाडणारी बडबड मानले नाही. त्यांनी समुदायाला सात जण निवडायला सांगितले आणि समुदायाने स्तेफन, फिलिप आदी सात जण निवडले. या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, ही बाब अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली नाही. ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांच्याच बोलीच्या माणसांकडे वाटपाची व्यवस्था सोपविली गेली. ख्रिस्तसभेतील संघटित सेवाकार्याचा उगम असा यादीतून सुटलेल्या माणसांच्या गाऱ्हाण्यात आहे.

पुढे ख्रिस्तसभा मोठ्या शहरांत पसरली, तेव्हा या सेवेला भूगोलाची जोड मिळाली. तिसऱ्या शतकात पोप फाबियन (२३६–२५०) यांनी रोम नगरीचे सात विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एकेका डीकनकडे सोपविला. त्यांचे उत्तराधिकारी पोप कॉर्नेलियस यांचे २५१ सालचे एक पत्र इतिहासकार युसेबियसने जतन करून ठेवले आहे. रोमची ख्रिस्तसभा पंधराशेहून अधिक विधवा व गरजूंचा सांभाळ करीत होती, असे त्यातून कळते. ज्या काळी ख्रिस्ती असणे हाच गुन्हा होता, त्या काळी हे घडत होते. शहराची वाटणी केल्याखेरीज आणि प्रत्येक गल्लीत माहीतगार माणूस असल्याखेरीज एवढ्या लोकांची नोंद ठेवणेही शक्य झाले नसते.

त्याच सुमारास, २५२ च्या आसपास, आफ्रिकेतील कार्थेज नगरीत भयंकर साथ आली. लोक आपल्या माणसांना घराबाहेर टाकून पळू लागले. तेथील महागुरू संत सिप्रियन यांनी श्रद्धावंतांना एकत्र बोलाविले आणि ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कामे वाटून दिली. ज्यांच्यापाशी धन होते त्यांनी धन दिले, ज्यांच्यापाशी नव्हते त्यांनी श्रम दिले. सिप्रियन यांचे चरित्रकार पाँटियस यांनी आवर्जून नमूद केले आहे की, ही सेवा केवळ श्रद्धेच्या घराण्यातील माणसांपुरती नव्हती, ती सर्वांसाठी होती. काही काळापूर्वीच्या छळात ज्यांनी ख्रिस्ती माणसांकडे बोट दाखविले असेल, अशा शेजाऱ्यांच्या उशाशीही ख्रिस्ती माणसे बसली.

या परंपरेचा एक प्रवाह सोळाव्या शतकात आपल्या किनाऱ्यावर आला. १४९८ साली लिस्बनमध्ये ‘मिझेरिकॉर्दिया’ नावाचा प्रापंचिकांचा बंधुसंघ स्थापन झाला होता. आजाऱ्यांची शुश्रूषा, कैद्यांची भेट, बेवारस प्रेतांचे दफन, अनाथ मुलींची लग्ने अशी दयेची कृत्ये तो करी. गोव्यात, चौलला आणि आपल्या वसईतही त्याच्या शाखा निघाल्या. कार्य निःसंशय मोठे होते. परंतु संघाचे सदस्यत्व मुख्यत्वे पोर्तुगीज समाजातील वरच्या थरापुरते राहिले. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाला त्या दारातून मदत मिळत असेल, पण बंधू म्हणून बैठकीत जागा नव्हती. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि त्या राजवटीबरोबर तिच्या संस्थांचाही आधार गेला. श्रद्धा मात्र गावोगावच्या साध्या माणसांनी घरांत आणि पाखाड्यांत टिकवून धरली. संस्था ज्यांना आपल्या वर्तुळात घेत नाही, त्यांच्या हृदयात ती मूळ धरू शकत नाही, हा त्यातला बोध आहे.

एकोणिसाव्या शतकात या कार्याला नवे रूप मिळाले ते पॅरिसमध्ये. २३ एप्रिल १८३३ रोजी फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मूठभर मित्रांसह पुढे संत व्हिन्सेंट दी पॉल संस्था म्हणून जगभर गेलेल्या मंडळाची सुरुवात केली. आदल्याच वर्षी पॅरिस कॉलऱ्याने होरपळले होते. या तरुणांना गरिबांच्या वस्तीची वाट दाखविली ती भगिनी रोझाली रेंदू यांनी. मदत दारावर बोलावून द्यायची नाही, आपण त्यांच्या घरी जायचे, बसायचे, ऐकायचे, हा पाठ त्यांनी घालून दिला. गृहभेट हा या संस्थेचा प्राण आहे. आपल्या धर्मग्रामांतील व्हिन्सेंट दी पॉलचे बंधुभगिनी आजही हाच नेम पाळतात.

मुंबईची कसोटी लागली ती प्लेगच्या साथीत. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण पाहून हा गाठीचा प्लेग असल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगास या मूळच्या गोमंतकीय कॅथोलिक डॉक्टरांनी केले. सरकारी उपाय कठोर होते. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने हलविणे यांमुळे लोक आजार लपवू लागले. अशा वेळी शेजाऱ्यावरचा विश्वास हेच औषध होते. पुण्यात सावित्रीबाई फुले याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. मुंबईत वांद्रे, माझगाव, गिरगाव येथील कॅथोलिक वस्त्यांत लोकांनी गल्लीच्या तोंडाशी क्रूस उभारले आणि संध्याकाळी तेथे जमून प्रार्थना करू लागले. त्यांतील कित्येक क्रूस अद्याप उभे आहेत. मे महिन्यात तेथे जपमाळ होते. एका क्रूसाभोवती जमणारी दहावीस घरे म्हणजे आजच्या लघु ख्रिस्ती समूहाची आजीच म्हणायला हवी.

साथ ओसरली तरी कर्ज ओसरत नाही. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्याने एकाच गावातील किंवा एकाच समाजातील दहा माणसांना पतपेढी काढण्याची मुभा दिली. एकमेकांना ओळखणारी माणसेच एकमेकांची जामीन राहू शकतात, हे त्यामागील तत्त्व होते. त्या तत्त्वाचा लाभ घेऊन मोन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली वसईत जी पतपेढी स्थापन केली, तीच आजची बॅसीन कॅथोलिक सहकारी बँक होय. शेजाऱ्याच्या शब्दाला पतीचे मोल देणारी ही संस्था आपल्या समाजाच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो रास्तही आहे.

आता शिरवण्याकडे वळू. ठाण्याच्या खाडीकाठची ही पट्टी खारजमिनीची. भरतीचे खारे पाणी बांध घालून थोपवायचे, पावसाच्या गोड पाण्यावर भात पिकवायचे, उघाड्यांतून जादा पाणी ओहोटीला सोडायचे आणि मिठागरांत मीठ पिकवायचे, हे या किनाऱ्यावरच्या आगरी माणसाचे परंपरागत जीवन होते. उधाणाच्या रात्री बांध फुटला तर एका शेतकऱ्याचे शेत बुडत नसे, आख्खी खाजण बुडत असे. म्हणून बांधावर प्रत्येक घराने माणूस पाठवायचा असे. भातलावणीला ‘सावड’ असे, आज तुझ्या शेतात आणि उद्या माझ्या. तिच्यात पैशांची देवघेव नव्हती. अशा गावाला शेजारधर्म शिकविण्यासाठी बाहेरून कोणाला यावे लागले नाही.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील पंचाण्णव गावांच्या जमिनीवर नवे शहर उभारण्याचे ठरले. शेते गेली, मिठागरे गेली, बांध गेले आणि बांधाबरोबर सावडीचे कारणही गेले. रास्त मोबदल्यासाठी लोक दि. बा. पाटील (१९२६–२०१३) यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्याचे फलित आहे. आपण ज्या सेक्टरांत राहतो, त्यांच्या पायाखाली हा इतिहास आहे. विशेष म्हणजे नव्या मुंबईचे बरेचसे सखल भाग आजही भरतीच्या पातळीपेक्षा खाली असून, डच पद्धतीचे धारण तलाव आणि त्यांची झडपदारे यांच्या भरवशावर कोरडे राहतात. उघाडी नाहीशी झालेली नाही, तिने फक्त सिमेंटचे रूप घेतले आहे. बांधावर जाणारी माणसे मात्र पांगली.

१९७३ साली खाडीपूल झाला, १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला रेल्वे आली आणि त्याच वर्षी महानगरपालिका अस्तित्वात आली. आपली कुटुंबे येऊ लागली ती या काळात. गावातील आजी नाही, पाखाडी नाही, क्रूस नाही. दाराला साखळी आणि शेजाऱ्याचे नाव फक्त पाटीवर. याच सुमारास ख्रिस्तसभेत नवा विचार वाहत होता. ब्राझीलमध्ये पायाभूत समूह वाढले होते. १९७६ साली पूर्व आफ्रिकेच्या महागुरूंनी लघु समूहांना आपल्या कार्याचे केंद्र मानले. पोप पॉल सहावे यांनी १९७५ च्या आपल्या प्रबोधनात या समूहांची दखल घेतली होती. १९९० साली इंडोनेशियातील बांडुंग येथे आशियाई महागुरू परिषदेने ख्रिस्तसभा ही समूहांचा समूह व्हावी असे चित्र पुढे ठेवले. मुंबई महाधर्मप्रांतात कार्डिनल सायमन पिमेंटा यांच्या कारकिर्दीत हे कार्य सुरू झाले आणि महागुरू बॉस्को पेन्हा यांनी त्याला वाहून घेतले. धर्मग्रामाचे लहान लहान भाग पाडायचे, काही इमारती मिळून एक समूह करायचा, प्रत्येकात प्रापंचिक चालक नेमायचे आणि शुभवर्तमान वाचून शेजाऱ्याच्या गरजेकडे वळायचे, अशी ही रीत आहे. पोप फाबियन यांना ती सहज ओळखता आली असती.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा महामुंबईत अनोळखी माणसांनी अनोळखी माणसांना घरात घेतले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, तेव्हा औषध, किराणा आणि प्रेतसंस्कार यांची काळजी प्रथम घेतली ती शेजारच्या माणसाने. कोणत्या मजल्यावर कोण एकटे आहे हे ज्यांना आधीपासून ठाऊक होते, तेच त्या दिवसांत लगेच पोहोचू शकले. आपत्तीच्या दिवशी ओळख करून घ्यायला सवड नसते.

परंतु आपल्या घरांपुरती ओळख पुरेशी आहे काय? येथे भिवंडीचे उदाहरण मनन करण्याजोगे आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी ते शहर पोळले होते. १९८८ मध्ये पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकाच मोहल्ल्यातील हिंदू व मुसलमान साधी माणसे नळ, गटार, भांडणतंटा अशा रोजच्या प्रश्नांसाठी नियमित एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. दंगलीच्या रात्री अफवा आली तेव्हा तिची शहानिशा कोणाकडे करायची, हे लोकांना माहीत होते. गटाराच्या तक्रारीतून जमलेली ओळख जीव वाचवून गेली.

शिरवण्याच्या गावठाणात आज गरजेपोटी बांधलेली घरे आहेत. त्या घरांत मूळ प्रकल्पग्रस्त कुटुंबे राहतात, आणि भाड्याच्या खोल्यांत दूरदूरहून पोटासाठी आलेले कामगारही राहतात. आपल्या इमारतीचा पहारेकरी, घरकाम करणारी बाई, कारखान्यातला कंत्राटी मजूर रात्री परततो तो पुष्कळदा अशाच एखाद्या खोलीत. आपल्या समूहांच्या नोंदवहीत यांची नावे नाहीत, कारण ती नोंदवही धर्मग्रामाच्या कुटुंबपत्रकावरून तयार झाली आहे. व्यवस्थेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तरीही यरुशलेमच्या विधवांची आठवण ठेवून दर समूहाने आपल्या वहीत एक कोरे पान राखावे, असे सुचवावेसे वाटते. त्या पानावर आपल्या हद्दीतील अशा घरांची नोंद व्हावी, जेथे मिस्सेला येणारे कोणी नाही, पण आजारी माणूस आहे, बाळंतीण आहे, शाळा सुटलेले मूल आहे. गावातील जाणत्या माणसांना आपल्या बैठकीत आदराने बोलवावे आणि नुसते मदत घेणारे म्हणून नव्हे, तर या भूमीचे जुने धनी म्हणून त्यांचे म्हणणे ऐकावे. बांध कसा राखायचा हे त्यांच्या घराण्यांना आपल्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

माझा शेजारी कोण, असा प्रश्न एका शास्त्र्याने प्रभू येशूला विचारला होता. प्रभूने उत्तरादाखल सांगितलेल्या दाखल्यात मदतीला थांबला तो शोमरोनी, म्हणजे ऐकणाऱ्यांच्या यादीबाहेरचा माणूस. येत्या आगमनकाळात आपल्या समूहांच्या बैठका भरतील, तेव्हा हा दाखला वाचून झाल्यावर चालकांनी वही उघडावी आणि गावठाणाच्या कोणत्या गल्लीत, कोणी दोघांनी, कोणत्या दिवशी जायचे हे त्याच बैठकीत ठरवून उठावे.